पानथरी, पाच जनुकं आणि घाई की धीर हा प्रश्न

दीड-दोन वर्षांचं लेकरू. पंधरवडाभर अंगात बारीक ताप, चेहरा फिका, खोकला जात नाही आणि पोट पुढे आलेलं. घरातलं कुणीतरी म्हणतं, जंत झाले असतील. डॉक्टर बाळाला आडवं निजवतात, डाव्या बरगडीखाली अलगद बोटं ठेवतात आणि बाळाने श्वास घेतला की काहीतरी घट्ट खाली सरकून बोटांना टेकतं. ती पानथरी, म्हणजे प्लीहा. निरोगी मुलाची पानथरी सहसा बरगडीआड असते, हाताला लागत नाही. इथे ती चार बोटं खाली उतरलेली असते.

आपल्याकडे पानथरी वाढली की आधी मलेरिया आठवतो, मग थॅलेसेमिया, टीबी, एखादा विषाणू. तोच क्रम बरोबर आहे, कारण बहुतेक मुलांत त्यातलंच काहीतरी निघतं. पण या सगळ्या तपासण्या कोऱ्या आल्या आणि रक्तात मोनोसाइट नावाच्या पेशी भरमसाट दिसत राहिल्या, तर डॉक्टरांच्या मनात एक लांबलचक नाव येतं: ज्युव्हेनाइल मायलोमोनोसायटिक ल्युकेमिया. रोजच्या बोलण्यात जेएमएमएल.

हा अत्यंत दुर्मीळ रक्तकर्करोग आहे. दर दहा लाख मुलांमागे वर्षाला साधारण १.२ रुग्ण, असा आकडा सांगितला जातो. महाराष्ट्रात तीनेक कोटी मुलं धरली तर याच दराने वर्षाला पस्तीस-छत्तीस, हा माझा ढोबळ हिशोब. एखाद्या बालरोगतज्ज्ञाच्या उभ्या कारकिर्दीत असा एकही रुग्ण येणार नाही, असंही होऊ शकतं. निदानाच्या वेळी वय बहुधा दोन वर्षांच्या आसपास असतं आणि मुलग्यांचं प्रमाण मुलींच्या दुप्पट किंवा त्याहून थोडं जास्त.

मग इतक्या दुर्मीळ आजारावर एवढं लिहायचं कशाला? कारण हे निदान ऐकलेले आईबाप रात्री फोनवर शोध घेतात, त्यांना ‘निम्मी मुलं वाचतात’ असं एक वाक्य सापडतं आणि ते त्या वाक्यावर रात्र काढतात. ते वाक्य खोटं नाही. पण त्यांच्या मुलाबद्दल ते फार थोडं सांगतं. जेएमएमएल या एका नावाखाली निदान पाच वेगवेगळे आजार नांदतात. त्यातल्या काहींत आठवडे मोजून बोनमॅरो ट्रान्सप्लांटची तयारी करावी लागते, तर एकात बहुतेकदा हात आवरून वाट बघणं हाच शहाणपणाचा उपचार असतो. कुठल्या मुलाला काय, हे जनुकांचा रिपोर्ट आल्यावरच कळतं.

काचेच्या पट्टीवर काय दिसतं

रक्ताचा थेंब काचेच्या पट्टीवर पातळ ओढायचा, वाळवायचा, लीशमनचा रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा. लाल पेशींच्या गर्दीत मोनोसाइट लगेच डोळ्यांत भरतो. तो आकाराने सगळ्यांत थोराड. केंद्रक राजम्याच्या दाण्यासारखं वाकलेलं किंवा दुमडलेलं, भोवतीचा भाग पावसाळी आभाळासारखा राखाडी-निळसर आणि त्यात कधी कधी बुडबुड्यांसारखी रिकामी टिंबं. निरोगी मुलाच्या शंभर पांढऱ्या पेशी मोजल्या तर असे पाच-सात भेटतात. जेएमएमएलमध्ये पट्टी सरकवावी तिथे ते भेटत राहतात. निदानाची एक अट अशी की एका मायक्रोलिटर रक्तात मोनोसाइट हजाराच्या वर हवेत. त्यांच्यासोबत मज्जेतून, म्हणजे हाडांच्या पोकळीतल्या बोनमॅरोतून, वेळेआधी बाहेर पडलेल्या कच्च्या पांढऱ्या पेशी आणि केंद्रक अजून न गळालेल्या लाल पेशीही दिसतात. प्लेटलेट मात्र रोडावलेल्या.

इथेच मुलांच्या नेहमीच्या ल्युकेमियापासून हा आजार वेगळा पडतो. त्या ल्युकेमियात मज्जा ब्लास्टने, म्हणजे अगदी कोवळ्या, वाढ खुंटलेल्या पेशींनी भरून जाते. जेएमएमएलमध्ये ब्लास्ट २० टक्क्यांच्या खालीच असतात. पेशी मोठ्या होतात, ओळखू येण्याइतक्या तयारही होतात, फक्त त्यांचं उत्पादन थांबत नाही. मग त्या पानथरीत, यकृतात, फुप्फुसात, कातडीत, आतड्यात जाऊन बसतात. बाळाचा न जाणारा खोकला आणि अंगावरचं पुरळ हे बऱ्याचदा त्यामुळेच. बिघाड मज्जेतल्या मूळ पेशीत असल्यामुळे, एरवी मुलांच्या ल्युकेमियात चमत्कार करणारी केमोथेरपी इथे मुळापर्यंत पोचत नाही. आकडे काही काळ खाली येतात आणि पुन्हा चढतात.

आणखी एक खूण आहे. आईच्या पोटात असताना बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं, त्याला हिमोग्लोबिन एफ म्हणतात. जन्मानंतर ते ओसरत जातं आणि एरवी पहिल्या वाढदिवसापर्यंत नावापुरतंच उरतं. जेएमएमएलच्या बऱ्याच मुलांत ते वयाच्या मानाने चढलेलं सापडतं. गंमत म्हणजे हे साधं, स्वस्त मोजमाप पुढे काय होणार याचाही अंदाज देतं. शार्लोट नीमायर आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये ११० मुलांच्या नोंदी तपासल्या. प्लेटलेट फार कमी, वय दोनच्या वर आणि हिमोग्लोबिन एफ जास्त, या तीन गोष्टी असलेल्या मुलांची वाट बिकट होती. असं का, याचं उत्तर तेव्हा कुणाकडे नव्हतं. ते जनुकांत दडलेलं होतं.

बंद न होणारी मोटार

सोसायटीतली पाण्याची मोटार डोळ्यांसमोर आणा. वरच्या मजल्यावरून कुणीतरी बेल दाबतं, खाली बेल वाजते, निरोप्या जाऊन सांगतो, मोटार सुरू होते. टाकी भरली की कुणीतरी ती बंद करतं. पेशीचं वाढणं साधारण असंच चालतं. बाहेरून जीएम-सीएसएफ नावाचं रसायन येऊन पेशीच्या भिंतीवरची बेल दाबतं. आत एसएचपी२ नावाचं प्रथिन निरोप पुढे नेतं. रास नावाचं प्रथिन म्हणजे मोटारीचं बटण, ते सुरू झालं की पेशीला वाढायचा हुकूम मिळतो. न्यूरोफायब्रोमिन नावाचं प्रथिन हे बटण बंद करतं. आणि सीबीएल नावाचं प्रथिन वाजून झालेली बेल भिंतीवरून उतरवून कचऱ्यात टाकण्याची खूण करतं, म्हणजे ती उगाच वाजत राहणार नाही.

जेएमएमएलची पाच जनुकं ही याच एका वाटेवरची पाच ठिकाणं आहेत. पीटीपीएन११ हे एसएचपी२ बनवण्याचं जनुक. एनरास आणि केरास ही बटणाची जनुकं. एनएफ१ हे बटण बंद करणाऱ्याचं. सीबीएल हे बेल उतरवणाऱ्याचं. नव्वद टक्के मुलांत यांपैकी एक बिघडलेलं सापडतं आणि बहुतेक वेळा एकच. ते साहजिक आहे, मोटार चालूच राहायला एक बिघाड पुरतो. पीटर इमॅन्युएल यांनी १९९१ मध्ये दाखवलं होतं की या मुलांच्या पेशी बशीत वाढवल्या तर जीएम-सीएसएफच्या एरवी कुणी दखल घेणार नाही इतक्या कणभर मात्रेलाही त्या भराभर वाढतात. बेलला नुसता धक्का लागला तरी मोटार सुरू.

बिघाड किती लहान असतो, हे एकदा जवळून बघण्यासारखं आहे. पीटीपीएन११ मध्ये सर्वांत जास्त सापडणारा बदल २२६ व्या अक्षरावर होतो. तिथे जी असायला हवा, तिथे ए येतो. एवढंच. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीतला ७६ वा मणी बदलतो: ऋण भाराच्या ग्लुटामेटच्या जागी धन भाराचं लायसिन. एसएचपी२ हे एरवी घडीच्या चाकूसारखं मिटलेलं असतं आणि तो ७६ वा मणी नेमका घडीच्या खटक्यापाशी बसतो. भार उलटा झाला की खटका धरत नाही आणि पातं उघडंच राहतं. तीन अब्ज अक्षरांच्या पोथीतलं एक अक्षर, आणि त्यापायी एका लेकराची पानथरी बेंबीपर्यंत.

बिघाड कुठे झाला: घरात की एकाच खोलीत?

आता सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा, आणि अनुभव असा की हाच सांगताना सगळ्यांत जास्त वेळ लागतो.

जनुकातला बदल दोन प्रकारे येतो. एक, तो बाळाच्या अगदी पहिल्या पेशीतच असतो. आईकडून किंवा वडिलांकडून आलेला, किंवा गर्भ राहताना नव्याने झालेला. मग तो अंगातल्या प्रत्येक पेशीत असतो: रक्तात, कातडीत, नखात, केसात. दुसरा प्रकार म्हणजे बाळ एरवी पूर्ण ठीक आणि बदल फक्त मज्जेतल्या एका पेशीत झालेला. ती पेशी आणि तिची पिलावळ तेवढी बिघडलेली.

ऐकणाऱ्याला वाटतं, अंगभर असलेला बदल जास्त घातक असणार. पीटीपीएन११ च्या बाबतीत नेमकं उलटं घडतं.

मार्को तार्ताल्या आणि सहकाऱ्यांनी २००१ मध्ये दाखवलं की नूनन सिंड्रोम नावाच्या जन्मजात स्थितीचं मोठं कारण पीटीपीएन११ मधला बदल हे आहे. या मुलांची उंची कमी राहते, डोळे थोडे दूर, कान जरा खाली, आणि बऱ्याच जणांच्या हृदयातली फुप्फुसाकडे जाणारी झडप अरुंद असते. यातल्या थोड्या बाळांना जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत जेएमएमएलसारखाच आजार होतो. फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात असा जन्मजात बदल असलेल्या ६४१ जणांपैकी ३६ जणांत रक्ताचा असा बिघाड दिसला आणि २० जणांत तो जेएमएमएलच्या सगळ्या कसोट्यांना उतरला. काही बाळं त्या पहिल्या महिन्यात फार गंभीर होतात, सगळी वाचतातच असं नाही. पण जी तग धरतात, त्यांच्यातल्या बहुतेकांचा आजार काही महिन्यांत आपोआप निवळत जातो.

मग २००३ मध्ये त्याच गटाने दाखवलं की नूनन नसलेल्या जेएमएमएलच्या मुलांतही पीटीपीएन११ बिघडलेलं असतं, मात्र फक्त रक्ताच्या पेशींत. आणि या मुलांचा आजार सगळ्यांत आक्रमक असतो. कारण असं की नूननमधले बदल तुलनेने सौम्य असतात, खटका थोडा सैल करणारे, म्हणून तर ते अंगभर घेऊन बाळ जन्माला येऊ शकतं. रक्तात नंतर होणारे बदल जबर असतात. तेच प्रत्येक पेशीत असते, तर गर्भ बहुधा तगलाच नसता.

म्हणजे रिपोर्टवर जनुकाचं नाव तेच, पण एका बाळाला वाट बघायची आणि दुसऱ्याला तातडीने ट्रान्सप्लांटकडे न्यायचं. म्हणूनच नुसती रक्ताची जनुक-तपासणी पुरत नाही. रक्ताबाहेरचा नमुनाही लागतो. गालाच्या आतला फाया घेणं सोपं, पण लाळेत रक्ताच्या पांढऱ्या पेशी मिसळलेल्या असतात आणि त्या निकाल फसवतात. त्यामुळे कातडीचा बारीकसा तुकडा घेऊन त्यातल्या पेशी वाढवतात, किंवा केसांची मुळं, नखं वापरतात. आईबापांना हे ऐकून धस्स होतं: रक्ताचा आजार, मग कातडी कशाला कापता? त्यांना हे एवढं समजावून सांगायला दहा मिनिटं लागतात आणि ती द्यायलाच हवीत.

पाच जनुकं, पाच वाटा

पीटीपीएन११ फक्त रक्तात बिघडलेलं असणं हा सर्वांत मोठा गट, साधारण ३५ ते ४० टक्के. ही मुलं बहुधा वयाने जरा मोठी, हिमोग्लोबिन एफ चढलेलं. यांच्यात आपोआप बरं होण्याची आशा धरून थांबण्यात अर्थ नाही. दाता शोधायला त्याच आठवड्यात लागायचं. ट्रान्सप्लांटनंतर आजार उलटण्याची भीतीही यांच्यातच जास्त.

एनएफ१ गटातली मुलं न्यूरोफायब्रोमॅटोसिस घेऊन जन्माला आलेली असतात. बऱ्याचदा अंगावर दुधाळ कॉफीच्या रंगाचे डाग दिसतात. वयात येण्याआधी पाच मिलिमीटरहून मोठे सहा किंवा जास्त डाग ही त्याची प्रसिद्ध खूण. म्हणून बाळाचे कपडे उतरवून, चांगल्या उजेडात, पाठ-काख-मांड्या बघून डाग मोजावेत. या तपासणीला पैसे लागत नाहीत. जन्मतः त्यांच्या एनएफ१ जनुकाची एक प्रत बिघडलेली असते, दुसरी काम सांभाळत असते. मज्जेतल्या एखाद्या पेशीत ती दुसरीही गेली की बटण बंद करणारं कुणी उरत नाही. केव्हिन शॅनन आणि सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये मज्जेतली ही दुसरी प्रत हरवलेली दाखवली, आणि रास वाटेचा संबंध तिथून पक्का होत गेला. इथे मात्र जन्मजात असणं हा दिलासा नाही. हाही आजार आक्रमक आणि ट्रान्सप्लांटची गरज असलेला.

सीबीएलची गोष्ट मी सर्वांत आधी सांगायला हवी होती, कारण तिने डॉक्टरांचा दृष्टिकोनच बदलला. मिनियन लो आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये जेएमएमएलमध्ये हे जनुक बिघडलेलं दाखवलं. पुढच्याच वर्षी नीमायर यांच्या गटाने दाखवलं की या मुलांत बदल बहुधा जन्मजात असतो, कधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेला. रक्ताच्या पेशींत मग चांगली प्रत हरवते आणि बिघडलेलीच दुप्पट होते. आणि त्यातली बरीच मुलं कसल्याही उपचाराशिवाय सुधारतात. पानथरी आकसते, मोनोसाइट उतरतात, मूल शाळेत जायला लागतं. नवल असं की नंतर रक्त तपासलं तर बिघडलेलं सीबीएल तिथेच असतं. बिघाड आहे आणि आजार नाही. असं का होतं याचं पुरतं स्पष्टीकरण अजून मिळालेलं नाही. मात्र ही मुलं नजरेआड करून चालत नाही. त्यांच्यातल्या काहींना पुढे रक्तवाहिन्यांना सूज येते, रक्तदाब चढतो, डोळ्याची नस कमजोर होते. त्यामुळे वर्षानुवर्षं तपासण्या चालू ठेवाव्या लागतात.

एनरास हा मधला, आणि म्हणून सगळ्यांत अवघड गट. काही मुलांचा आजार झपाट्याने वाढतो. काहींचा हळूहळू शमतो, विशेषतः हिमोग्लोबिन एफ साधारण आणि प्लेटलेट बऱ्या असलेल्यांचा. जपानी डॉक्टरांनी २००७ मध्ये अशी मुलं नोंदवली, ज्यांच्या रास जनुकाच्या १२ व्या जागी ग्लायसिनऐवजी सेरिन आलं होतं आणि ती ट्रान्सप्लांटशिवाय सुधारत गेली. याच जागी दुसरा कुठला मणी आला तर तसं होईलच असं नाही. केरासची मुलं बहुधा फार लहान, तान्हीच असतात, आणि त्यांच्यात सात नंबरच्या गुणसूत्राची एक प्रत गायब असणं जास्त दिसतं. त्यांना साधारणपणे ट्रान्सप्लांट लागतो.

उरलेल्या दहा टक्क्यांत काहीच सापडत नाही, किंवा क्वचित एएलके, आरओएस१ अशा जनुकांचे जोड सापडतात. ते सापडले तर नशीबच म्हणायचं, कारण त्यांवर नेम धरून मारणाऱ्या गोळ्या आहेत.

‘निम्मी मुलं वाचतात’ या वाक्याचं काय करायचं

हा आकडा मुख्यतः एका महत्त्वाच्या युरोपीय अभ्यासातून आला. फ्रांको लोकातेल्ली आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये तो छापला. १०० मुलांना ट्रान्सप्लांट झाला, ४८ जणांना नात्यातल्या दात्याकडून आणि ५२ जणांना नात्याबाहेरच्या. पाच वर्षांनी हिशोब असा: आजार न उलटता जगण्याची शक्यता ५२ टक्के, आजार उलटण्याची ३५, आणि ट्रान्सप्लांटच्याच त्रासाने दगावण्याची १३. नात्यातला आणि नात्याबाहेरचा दाता यांत मोठा फरक पडला नाही. ही मोठीच दिलासादायक गोष्ट होती, कारण भावंड जुळतंच असं नाही.

त्याआधीची स्थिती आठवली की या ५२ चं मोल कळतं. ट्रान्सप्लांट न झालेल्या मुलांच्या जुन्या नोंदींत निदानानंतरचा मधला काळ वर्षभराच्या आसपासच भरायचा. ‘मधला’ म्हणजे निम्मी मुलं त्याच्या आत गेली, निम्मी त्यापुढे जगली. पण त्या ‘पुढे जगलेल्यां’त काही अशी होती की जी पुढे वाढली, मोठी झाली. तेव्हा त्यांना नशीबवान म्हटलं गेलं. आज वाटतं, त्यांच्यात सीबीएलची आणि सौम्य एनरासची मुलं असणार. एकाच पिशवीत तांदूळ आणि खडे घालून सरासरी वजन काढल्यासारखं ते झालं होतं.

जनुकाखालोखाल आणखी दोन गोष्टी भविष्य सांगतात. पहिली, दुसरा घाव. मूळ बदलावर एसईटीबीपी१, जेएके३, एएसएक्सएल१ अशा जनुकांत आणखी एखादा बदल झाला असेल तर धोका वाढतो. जपानी गटाने २०१३ मध्ये आणि अमेरिकन व फ्रेंच गटांनी २०१५ मध्ये हे दाखवलं. निदानाच्या वेळी रक्तात असे किती बदल आहेत, ही मोजणी परिणामाशी घट्ट जुळते.

दुसरी गोष्ट मिथिलेशन. डीएनएच्या अक्षरांवर पेशी बारीक रासायनिक चिठ्ठ्या चिकटवते. कुठलं पान उघडायचं, कुठलं मिटून ठेवायचं, ते त्यावरून ठरतं. जेएमएमएलच्या काही मुलांत या चिठ्ठ्या सगळीकडे बेसुमार चिकटलेल्या असतात. जर्मनी आणि अमेरिकेतल्या दोन गटांनी २०१७ मध्ये स्वतंत्रपणे दाखवलं की चिठ्ठ्या कमी, मध्यम आणि जास्त असे तीन थर पाडले, तर मुलांचं पुढचं आयुष्य त्या थरांप्रमाणेच वेगळं होत जातं. पुढच्या वर्षी जपानमधूनही तेच आलं. कमी थरात मुख्यतः सीबीएल आणि सौम्य एनरासची मुलं, जास्त थरात मुख्यतः पीटीपीएन११ आणि एनएफ१ ची. एनरासच्या बाळापुढे बसून थांबावं की नाही हे ठरवताना ही तपासणी फार मोलाची आहे. ती सगळीकडे होत नाही, हे दुःखच आहे.

हातात काय आहे

ट्रान्सप्लांट हाच बहुतेक मुलांसाठी मुळापासून बरं करणारा एकमेव ज्ञात उपाय. त्याआधी बाळाची स्वतःची मज्जा औषधांनी रिकामी करावी लागते आणि ती औषधं कठोर असतात: बसल्फान, सायक्लोफॉस्फमाइड, मेलफलान. एवढ्या लहान जिवाला इतकं द्यायचं का, हा प्रश्न कुणालाही पडेल. अमेरिकेत त्याऐवजी सौम्य जोडी वापरून बघण्याची चाचणी झाली. ती १५ मुलांवरच थांबवावी लागली, कारण सौम्य औषधं दिलेल्या मुलांत आजार फार जास्त उलटू लागला. प्रश्न योग्य होता, मनातली माया खरी होती, आणि उत्तर तरीही ‘नाही’ आलं. म्हणूनच ज्या मुलाला ट्रान्सप्लांटची गरज नाही त्याला तो न देणं इतकं महत्त्वाचं. ही औषधं वाढ, दात, पुढचं मातृत्व-पितृत्व या सगळ्यांवर ओरखडे ठेवून जातात.

ट्रान्सप्लांटनंतर आजार उलटलाच तर बहुधा पहिल्या वर्षात उलटतो. म्हणून त्या काळात बाळाच्या रक्तात दात्याच्या पेशी किती टक्के आणि बाळाच्या जुन्या किती, हे वारंवार मोजतात. जुन्या वाढायला लागल्या तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं लवकर उतरवतात, म्हणजे दात्याच्या पेशींना लढायला मोकळीक मिळते. तरीही उलटला, तर दुसरा ट्रान्सप्लांट करता येतो आणि त्यातून काही मुलं बरी होतात. इथे आशा सोडायची नसते.

वाट बघण्याच्या काळात आजार आवरायला आता अ‍ॅझासिटिडीन आहे. डीएनएवरच्या त्या चिठ्ठ्या उतरवणारं औषध. १८ मुलांवर त्याची चाचणी झाली, त्यातली १७ ट्रान्सप्लांटपर्यंत पोचली. मे २०२२ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने ते जेएमएमएलसाठी मंजूर केलं. उलटलेल्या किंवा न बधणाऱ्या आजारात ट्रामेटिनिब नावाची गोळीही वापरून बघितली गेली. ती रासच्या खालची, एमईके नावाची पायरी अडवते, म्हणजे बटण चालू राहिलं तरी तारेतून वीज पुढे जात नाही. चाचणीत दहाच मुलं होती, त्यांतल्या निम्म्यांनी प्रतिसाद दिला. दहा हा आकडा किती लहान वाटतो. पण वर्षाला दहा लाखांत एक होणारा, त्यातही उपचारांना न जुमानणारा आजार असलेली दहा मुलं एका चाचणीत गोळा करायला किती रुग्णालयांनी, किती घरांनी हात दिला असेल, याचा विचार करा.

अशा घरातलं कुणी हे वाचत असेल तर डॉक्टरांना विचारायच्या गोष्टी थोड्याच आहेत. कुठलं जनुक, आणि नेमका कुठला बदल? तो फक्त रक्तात आहे की अंगभर, आणि हे कुठल्या नमुन्यावरून ठरवलं? सोबत दुसरा बदल आहे का? हिमोग्लोबिन एफ किती? मिथिलेशनची तपासणी मिळू शकेल का? बदल जन्मजात निघाला तर आईबापांचंही रक्त तपासायचं. तो कुणाकडून आला तर त्यात कुणाचा दोष नसतो, हे घरातल्या मोठ्यांनाही स्पष्ट शब्दांत सांगायला हवं, कारण बोल बहुधा आईलाच लागतो.

आणि भावंड दाता म्हणून जुळलं तर आनंदाच्या भरात एक गोष्ट राहून जाऊ देऊ नका. त्या भावंडातही तोच बदल आहे का, हे मज्जा घेण्याआधी तपासून घ्या. सीबीएल किंवा एनएफ१ चा बदल घेऊन फिरणारं भावंड वरवर अगदी ठणठणीत दिसू शकतं, आणि त्याची मज्जा दिली तर ज्या बिघाडासाठी एवढं सगळं केलं, तोच बाळाच्या अंगात परत घातला जाईल.